बाळू पालवणकर : चेंडू आमच्या हातात, शिकवण्याची खुर्ची मात्र त्यांच्याकडे

भंडारदऱ्याचे धरण बघायला दर पावसाळ्यात हजारो पर्यटक येतात. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण सुमारे ८२ मीटर उंच आहे. त्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. धरणाला नाव मिळाले मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे. दगड फोडणाऱ्या, घडवणाऱ्या आणि डोक्यावर पाटी वाहणाऱ्या हातांपैकी एकाचेही नाव पर्यटकाला माहीत नसते. गव्हर्नरचे नाव मात्र शंभर वर्षे झाली तरी टिकून आहे.

आम्ही याच अकोले तालुक्यातून हे लिहीत आहोत. धरण बांधले जात असलेल्या त्याच सोळा वर्षांत मुंबई-पुण्याच्या मैदानांवर एक दुसरी गोष्ट घडत होती, ती आज आम्हाला सांगायची आहे. तीही घामाची आणि नावाची गोष्ट आहे. गोष्ट आहे बाळू पालवणकर या गोलंदाजाची. चळवळीतल्या बहुतेक तरुणांना त्यांचे नाव ठाऊक असते, पण ते दोनच वाक्यांत. पहिले, "पहिला दलित क्रिकेटपटू." दुसरे, "१९३७ ला बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेला." ही दोन वाक्ये एकमेकांना खोडतात आणि माणूस मध्येच हरवतो. म्हणून त्यांची कारकीर्द आम्ही क्रमाने मांडणार आहोत आणि शेवटी एक प्रश्न विचारणार आहोत. ज्याच्या हाताला कला येते, त्याला गुरूची खुर्ची का मिळत नाही?

महिना चार रुपये

पालवणकरांचे मूळ कोकणातले. पालवण गावावरून आडनाव आले. जात चांभार. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील लष्कराच्या चाकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. लष्करी छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. आपल्या समाजाचा लष्कराशी काय संबंध होता, हे बाबासाहेबांच्या घरावरून आपल्याला माहीत आहे. छावणीने अक्षर दिले, शिस्त दिली. पालवणकरांच्या घराला छावणीने चेंडू दिला.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे आणि सभासदांना हौस आली की त्यांना चेंडू टाकणे, हे काम. पगार महिना तीन रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात लागले. तिथे चार रुपये. काम तेच. जाळ्या उभ्या करायच्या, खेळपट्टीच्या रेषा आखायच्या, टेनिसच्या मैदानाची निगा राखायची.

तिथेच त्यांची डावखुरी फिरकी लोकांच्या डोळ्यांत भरली. त्या काळात भारतातला सर्वांत नावाजलेला इंग्रज फलंदाज होता जे. जी. ग्रेग. हा ग्रेग इतर सभासदांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचे, असे त्याने ठरवले होते, ही हकीकत आजही सांगितली जाते. आठ आण्यांचा हिशेब खरा असो वा दंतकथा, तासन्‌तास चेंडू टाकण्याचे काम खरे होते.

आता नीट बघा. रोज एका फलंदाजाला चेंडू टाकणे, त्याची चूक हेरणे, पुढचा चेंडू त्या चुकीवर टाकणे, तो सुधारला की नवी अडचण उभी करणे, याला जगात काय म्हणतात? याला प्रशिक्षण म्हणतात. ग्रेगचे कौतुक झाले ते "मोठा फलंदाज" म्हणून. त्याला घडवणाऱ्या जाळीतल्या माणसाचा हुद्दा राहिला "मैदानावरचा गडी". आणि पूना जिमखान्यात इतकी वर्षे चेंडू टाकूनही बाळूंच्या हातात फलंदाजीसाठी बॅट कधी दिली गेली नाही.

हा नुसता गोऱ्यांचा हलकटपणा नव्हता, तो त्या खेळाचाच वर्गभेद होता. इंग्लंडातही साहेब लोक फलंदाजी करीत आणि पगारी खेळाडू घाम गाळून गोलंदाजी करीत. तिथल्या पगारी खेळाडूला इंग्लंडचा नियमित कर्णधार व्हायला १९५२ साल उजाडावे लागले, तेव्हा लेन हटनची निवड झाली. हौशी आणि पगारी असा भेद तिथे १९६२ साली मोडला. इंग्लंडचा वर्ग आणि भारतातली जात या दोन्ही चाकांखाली बाळू एकाच वेळी सापडले होते.

चेंडू चालतो, कप चालत नाही

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते. पण बाळू अस्पृश्य. संघातल्या ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता, तर काही तेलुगू सभासद त्यांच्या बाजूने होते. शेवटी जिंकण्याची हौस सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळू संघात आले.

मात्र आले म्हणजे कुठवर आले? मैदानाच्या दोरीपर्यंत. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात हे सविस्तर लिहिले आहे. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपात चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे, वापरून फेकून देण्याच्या. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते अस्पृश्य गड्यानेच आणून द्यायचे.

खेळात जात नसते, असे जे आपल्याला आजही ऐकवतात, त्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे. ज्या चेंडूवर बाळूंची बोटे लागली, तोच चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षकाने झेलला. तेव्हा विटाळ झाला नाही. मग कपाला झाला कसा? याचा अर्थ विटाळ ही श्रद्धा नव्हतीच, ती सोय होती. जिथे आमच्या श्रमाची गरज होती तिथे ती बाजूला सरकत होती. जिथे बरोबरीचा मान द्यायची वेळ येई, तिथे ती पुन्हा हजर होत होती.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला तेव्हा बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवला गेला, असे सांगतात. बाळूंनी तरीही सात गडी बाद केले. त्यानंतर त्यांचा सत्कार झाला, न्यायमूर्ती रानड्यांनी कौतुक केले आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खातपीत का नाही, असे खेळाडूंना सुनावले. रानड्यांचे बोल चांगले होते. पण जिंकल्यावर दिलेली समता ही बक्षिसासारखी असते. हरल्यावर ती काढून घेता येते. आम्हाला बक्षीस नको, हक्क हवा, हे बाबासाहेबांनी पुढे चळवळीला शिकवले ते याच अनुभवांच्या जमिनीवरून.

११४ बळी

पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला पुन्हा विरोध झाला, पण कर्णधार कीर्तिकर ठाम राहिले. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू संघात जागा मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा गाजलेला सामना झाला. हिंदूंनी १०९ धावांनी तो जिंकला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. भाऊ शिवरामही त्या संघात होते. स्वदेशीच्या त्या दिवसांत या विजयाचा देशभर गाजावाजा झाला. ज्याला कपात चहा मिळत नव्हता, त्याच्या जोरावर 'हिंदूंचा' विजय साजरा झाला.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ एकंदरीत हरलाच. २३ सामन्यांपैकी १५ गमावले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, तेही प्रत्येकी १९ पेक्षा कमी धावा देऊन. वय पस्तिशीचे आणि खांदा दुखावलेला. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात एकट्याने ११ बळी. संपूर्ण प्रथम श्रेणी कारकिर्दीत ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास. हे आकडे आजच्या कुठल्याही क्रिकेटवेड्या मित्रासमोर ठेवा. तो गप्प होईल.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले आणि सादर केले, असे गुहा नोंदवतात. ही गोष्ट चळवळीने विसरू नये. कोलंबिया विद्यापीठ पुढे होते, 'मूकनायक' पुढे होता, महाड पुढे होते. त्या आधी बाबासाहेबांच्या पिढीसमोर 'आपला माणूस कुणापेक्षाही कमी नाही' याचा जिवंत पुरावा होता तो हा गोलंदाज.

अमेरिकेतला एक गोलंदाज

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. ज्या काळात बाळू खेळत होते, त्याच काळात तिथे जॅक कूम्स नावाचा गोरा पिचर गाजत होता. १८८२ सालचा जन्म, म्हणजे बाळूंपेक्षा सहा वर्षांनी लहान. कोल्बी कॉलेजात शिकला आणि १९०६ साली फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघात गेला. १९१० च्या हंगामात त्याने ३१ सामने जिंकून दिले आणि त्याच वर्षीच्या अंतिम मालिकेत आणखी तीन. म्हणजे कूम्सचे सोन्याचे वर्ष १९१०, बाळूंचे १९११. धरणाची पहिली खोदाई इकडे भंडारदऱ्यात सुरू झाली तेव्हा हे दोघे आपापल्या कलेच्या शिखरावर होते.

पुढे काय झाले ते बघा. कूम्सचा हात थकला, तसा तो प्रशिक्षक झाला. १९२९ पासून १९५२ पर्यंत, तब्बल दोन तपे, त्याने ड्यूक विद्यापीठाच्या संघाला शिकवले. १९३८ साली त्याने बेसबॉल शिकवणारे पाठ्यपुस्तक लिहिले. विद्यापीठाच्या मैदानाला त्याचे नाव दिले गेले. म्हणजे हातातली कला आधी वर्गात गेली, वर्गातून पुस्तकात गेली आणि पुस्तकातून पुढच्या पिढीत. ज्ञान टिकते ते असे.

बाळूंचा हात थकला तेव्हा कुठल्या कॉलेजने त्यांना बोलावले? कुठल्या जिमखान्याने मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची दिली? ११४ बळी घेणाऱ्या बोटांमध्ये काय हिकमत होती, चेंडू कुठे धरायचा, कुठल्या खेळपट्टीवर किती उंची द्यायची, हे त्यांच्याकडून कुणी पुस्तकात उतरवून घेतले? ती विद्या त्यांच्याबरोबर गेली.

कुणी म्हणेल, अमेरिका पुढारलेली, आपण मागासलेले. नाही मित्रांनो. इतके सोपे नाही. कूम्स ज्या ड्यूक विद्यापीठात शिकवत होता, तिथे काळ्या विद्यार्थ्यांना पदवीच्या वर्गात प्रवेश मिळाला तो १९६३ साली. कूम्सच्याच काळात स्मोकी जो विल्यम्स नावाचा काळा पिचर होता. तोलामोलाचा. त्याला गोऱ्यांच्या संघांची दारे बंद होती. खेळ संपल्यावर तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मद्यालयात कामाला होता. बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव लागले १९९९ साली, मृत्यूनंतर जवळपास अर्ध्या शतकाने. रूब फॉस्टर या दुसऱ्या काळ्या पिचरने मात्र वेगळा मार्ग घेतला. दार उघडत नाही तर आपलेच घर बांधू, म्हणून त्याने १९२० साली काळ्या खेळाडूंची स्वतंत्र व्यावसायिक लीग उभी केली.

जॅकी रॉबिन्सन १९४७ साली गोऱ्यांच्या लीगमध्ये उतरला, हे अनेकांना माहीत आहे. पण त्यानंतर पहिला काळा प्रशिक्षक, बक ओ'नील, नेमला जायला १९६२ साल लागले. पहिला काळा मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ साली झाला. म्हणजे खेळायची परवानगी आणि शिकवायची परवानगी यांत पंधरा वर्षांचे अंतर, खेळायची आणि हुकूम द्यायची यांत अठ्ठावीस वर्षांचे. वर्ण असो वा जात, नियम एकच दिसतो. तुमचा हात आधी स्वीकारतात, तुमचे डोके सर्वांत शेवटी.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विच्छेदन' मध्ये हेच दाखवून दिले. जात कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच उतरंडीच्या कप्प्यांत बंद करते. मैदान झाडणे, रूळ ओढणे, चेंडू टाकणे हे एका कप्प्यात. बॅट, कप्तानी, निवड समिती आणि प्रशिक्षण दुसऱ्या कप्प्यात. बाळूंनी बुद्धीच्या जोरावर कप्पा फोडला, तरी वरच्या कप्प्याचे झाकण हटले नाही.

कप्तानीचा लढा

हे झाकण सर्वांत स्पष्ट दिसते ते कर्णधारपदाच्या प्रश्नात. बाळू हिंदू संघातले सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते. त्यांना कर्णधार करा अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. झाले नाही. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितले की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. पै प्रामाणिक होते, हे आम्ही मान्य करतो. व्यवस्था प्रामाणिक नव्हती.

१९२० साली गोष्ट टोकाला गेली. वर्ष लक्षात घ्या. जानेवारीत 'मूकनायक' निघाला होता, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातून वगळले. पै आजारी पडले तेव्हा पुढचा हक्क धाकट्या विठ्ठलचा होता. तो उत्तम फलंदाज आणि अनुभवी. पण कर्णधार झाले पुण्याचे दि. ब. देवधर. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर निवेदन देऊन जातीच्या कारणाने केलेला अपमान सहन करणार नाही असे बजावले. खेळाच्या मैदानावरचा हा बहिष्कार होता, आणि तो आमच्या बाजूने पुकारलेला होता. लोकमत पालवणकरांकडे झुकले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले गेले, भाऊ परतले आणि पैंनी काही काळ मैदान सोडून बाळूंना नेतृत्व करू दिले.

थोडा वेळ उसनी मिळालेली कप्तानी! १९११ च्या ११४ बळींना मिळालेला मोबदला हा.

देवधरांबद्दल आम्हाला आकस नाही. ते मोठे फलंदाज होते. १९२६ साली गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी काढलेल्या १४८ धावा इतिहासात आहेत. पण दोन आयुष्ये शेजारी ठेवून बघा. देवधर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. पोटासाठी त्यांना मैदान झाडावे लागले नाही. शब्द त्यांच्याकडे होते, कॉलेज त्यांच्याकडे होते, आणि पुढे त्यांच्या नावाने राष्ट्रीय करंडक ठेवला गेला. रणजी, दुलीप, इराणी, देवधर, विजय हजारे, मुश्ताक अली अशा देशाच्या करंडकांत बाळू पालवणकरांचे नाव नाही. ज्याच्याकडे कॉलेज, त्याच्याकडे करंडक. खेळाची गुणवत्ता दोघांकडे होती. संस्था एकाकडेच होती.

१९२३ साली मात्र विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. १९२५ आणि १९२६ सालीही त्यांच्या नेतृत्वाखाली विजय मिळाला. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर पाणी प्यायलो म्हणून आमच्या माणसांची डोकी फोडली गेली. विठ्ठलला खांद्यावर घेणारा समाज आणि महाडला काठ्या उगारणारा समाज वेगळे नव्हते. एक कर्णधार झाला म्हणून तळे खुले होत नाही, हा धडा तिथून घ्यायचा. आजही एखादा आपला माणूस वर चढला की "आता जात कुठे राहिली" असे सांगणारे भेटतात. त्यांना महाडची तारीख सांगा.

१९३२ आणि १९३७

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. हे टाळून लिहिणे आम्हाला मान्य नाही.

स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांबरोबर नव्हते. ते एम. सी. राजांच्या संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर पी. बाळू ही सही आहे. १९३३ साली ते हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबई विधानसभेसाठी थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर २,०२० मतांचे.

हा निर्णय चुकीचा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण चूक कशात होती ते नेमके सांगायला हवे. ज्या प्रस्थापितांनी त्यांना वीस वर्षे कर्णधार केले नाही, त्यांनाच बाबासाहेबांसमोर उभे करण्यासाठी 'अस्पृश्यांचा नेता' म्हणून बाळू सापडले. जिमखान्याने त्यांचा हात वापरला, पक्षाने त्यांचे नाव वापरले. गोलंदाजी करताना ते कुणाला बाद करायचे हे स्वतः ठरवत. निवडणुकीत चेंडू दुसऱ्याने त्यांच्या हातात दिला होता आणि समोर कोण उभे आहे हेही दुसऱ्यानेच ठरवले होते.

बाळूंचा अनुभवही समजून घ्या. मैदानावर त्यांनी एकत्र खेळून थोडी थोडी जागा मिळवली होती. रानड्यांचे शब्द, कीर्तिकरांचा ठामपणा, पैंचा प्रामाणिकपणा त्यांनी पाहिला होता. त्यावरून त्यांना वाटले की सवर्णांचे मन हळूहळू वळेल. बाबासाहेबांनी तोच अनुभव वेगळ्या पद्धतीने वाचला. सत्तेत वाटा नसेल तर मिळालेली जागा केव्हाही काढून घेतली जाते, हे त्यांनी ओळखले. १९२० ची उसनी कप्तानी पाहता बाबासाहेबच बरोबर होते, हे बाळूंच्याच आयुष्यातून सिद्ध होते. म्हणून आम्ही म्हणतो, बाळूंचे राजकारण नाकारा, त्यांचे आयुष्य नाकारू नका. त्यांचे आयुष्य हा बाबासाहेबांच्या बाजूचा पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. महार आणि चांभार अशी भिंत घालून आपल्याला मते द्यायला लावणे हा डाव १९३७ साली टाकला गेला आणि आजही टाकला जातो. बाळूंना "त्यांचा" म्हणून सोडून दिले की ती भिंत आपणच आणखी एक थर उंच करतो. ज्यांच्या सत्काराचे मानपत्र बाबासाहेबांनी लिहिले, त्यांना परके ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात धम्माची दीक्षा दिली.

आता आपण काय करायचे

इतिहास आठवून नुसते हळहळणे हा आपला मार्ग नाही. आमच्या मते चार गोष्टी करण्यासारख्या आहेत.

पहिली. विठ्ठल पालवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत लिहिले. दलित खेळाडूने स्वतःच्या हाताने लिहिलेले हे पुस्तक आपल्या वाचनालयांत असायला हवे. दलित आत्मकथनांच्या चर्चेत आपण क्रीडांगण विसरतो. जुन्या ग्रंथालयांत शोधा, अभ्यास मंडळात वाचा.

दुसरी. प्रशिक्षक व्हा. आमच्या अकोले तालुक्यातल्या पाड्यांवरची मुले-मुली घाट चढूनच शाळेत जातात. पळण्याचा दम त्यांना शिकवावा लागत नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारे तरुण आपण रोज बघतो. भरती झाली तर ठीक, नाहीतर वय उलटते आणि ते पाय शेतात किंवा कारखान्यात जातात. त्या पायांत जी विद्या आहे तिचे पुढे काय? बी.पी.एड., एम.पी.एड. करा. क्रिकेट मंडळाचे प्रशिक्षकांसाठीचे स्तर पार करा. पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ साली सुरू झालेली. देशाचे प्रशिक्षक तिथे घडतात. ही संस्था भरते कुठे ठाऊक आहे? पतियाळाच्या महाराजांच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात. म्हणजे ज्या भूपिंदर सिंगांच्या कप्तानीखाली बाळूंनी ११४ बळी घेतले, त्यांच्याच घराण्याच्या वाड्यात. आज तिथे अर्ज करायला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. राज्यघटनेने ते दार उघडून ठेवले आहे.

तिसरी. शाळा आणि आश्रमशाळांत क्रीडाशिक्षकाचे पद भरलेले आहे का, आरक्षणाप्रमाणे भरले आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. मैदान आहे पण शिकवणारा नाही, ही अवस्था आपल्या मुलांच्या वाट्याला मुकाट्याने येऊ देऊ नका. खेळाडूंचे आरक्षण आपण मागतो. शिकवणाऱ्याच्या आणि निवडणाऱ्याच्या खुर्चीचा हिशेबही मागितला पाहिजे.

चौथी, आणि ही आपल्याच घरातली. भीमजयंतीला गावोगावी क्रिकेट स्पर्धा होतात. त्यातली एक स्पर्धा पालवणकर बंधूंच्या नावाने घ्या. पण नाव देऊन थांबू नका. त्या स्पर्धेत मैदान कोण झाडते, पाणी कोण आणते, कप्तान कोण होतो, हे बघा. मुलींना फक्त टाळ्या वाजवायला बसवले जाते का? गोलंदाजी करणाऱ्या लहान पोराला फलंदाजी मिळते का? जी उतरंड पूना जिमखान्यात होती ती आपल्या मैदानावर छोट्या रूपात उभी राहत असेल, तर बाळूंच्या नावाचा फलक लावून उपयोग नाही.

कूम्सला विद्यापीठ मिळाले म्हणून त्याची कला पुढच्या पिढीकडे गेली. फॉस्टरने स्वतःची लीग उभारली म्हणून काळ्या खेळाडूंना घर मिळाले. बाळूंकडे दोन्ही नव्हते. त्यांच्याकडे होता फक्त हात. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते याच जाणिवेतून. हुशार माणूस एकटा कितीही वर गेला तरी त्याच्यामागे संस्था नसेल तर त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर संपते.

आपल्या समाजात हातांची उणीव कधीच नव्हती. धरण बांधणारे हात होते, चेंडू टाकणारे हात होते. आता त्या हातांना शिकवण्याची खुर्ची मिळवून द्यायची आहे, आणि ती मागून मिळणार नाही. शिकून, संघटित होऊन आणि संघर्ष करूनच मिळेल.

जय भीम!